चिंधी बांधलेलं वांगं

ड्रम अजून तिथेच होता. सविताबांच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, पालथा घातलेला. एकेकाळी गडद निळा होता, आता उन्हाने पार विटलाय. हात लावला की बोटांना पांढरं पीठ लागतं. पालथा असल्यामुळे त्याचं बूड वर आलं होतं आणि बुडाची भोकं दिसत होती. मध्ये एक, भोवती सहा. एकात मुंग्यांनी घर केलं होतं. मी खाली बसले आणि उगाचच प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं. कडा अजून खरखरीत होत्या.

सुरतेतल्या बमरोलीचं हे घर आता पाडणार आहेत. सविताबांच्या सुनेने फोन करून सांगितलं होतं, तुमचं काही राहिलं असेल तर घेऊन जा. आमचं काय राहणार? खालच्या चार खोल्यांपैकी एका खोलीत आम्ही भाड्याने राहायचो, आणि ती सोडून गोडादऱ्याला गेलो त्यालाही वीसेक वर्षं होऊन गेली. पण मायच्या कानावर फोनचं घातलं तर ती पटकन तिच्या अहिराणीत म्हणाली, "मना ड्रम लई ये." जणू काल संध्याकाळी ठेवून आली होती.

धाब्यावर उभं राहिलं की आधी आवाज आठवतो. चारी बाजूंनी लूम चालायचे. त्यांचा खटखटाट इतका सततचा होता की तो आम्हाला ऐकूच यायचा नाही. वीज गेली की मात्र सगळी गल्ली दचकायची आणि बायका दारात येऊन एकमेकींना विचारायच्या, काय झालं. मग वास. खाडीचा वास, रॉकेलचा वास, आणि नाना कामावरून आला की त्याच्या कपड्यांना येणारा आंबूस वास. नाना म्हणजे माझा बाप; तो पांडेसऱ्याच्या एका डाइंगमध्ये होता, साड्यांना रंग चढवायच्या खात्यात. त्याचे हात कधी हिरवे असत, कधी राणी कलरचे. मी त्याच्या नखांवरून ओळखायची की आज कुठल्या रंगाच्या साड्या निघाल्या. आणि या सगळ्यावर सकाळी सकाळी जिन्यावरून उतरत यायचा तो सविताबांच्या चहाचा वास. सुरतेच्या लोकांना चहात लीली चा लागते, म्हणजे आपला गवती चहा, आणि वर फुदिन्याची दोन पानं. सविताबा दोन्ही धाब्यावरच लावायच्या. तेलाचे डबे, फुटकी बादली, कान तुटलेलं पातेलं, जे हाताला लागेल त्यात त्यांनी काही ना काही लावलेलं असायचं. सुरतेच्याच त्या, घरमालकीण, पांढरी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि झाडांशी बोलताना आवाज असा मऊ की भाडेकरूंना हेवा वाटावा.

मायला त्यांच्या त्या डब्यांचं हसू यायचं. "हाई काय शेती शे?" ती मला हळूच म्हणायची. माय यावलकडची, बागायतदाराची लेक. लग्नाआधी तिने कपाशी वेचली होती, केळीला पाणी दिलं होतं. डब्यातला फुदिना तिला भातुकलीतला वाटायचा.

ज्या वर्षी मायची माय गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. दिवस-कार्य आटोपून माय उधन्याला गाडीतून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर एक पोतं होतं आणि कमरेला एक चिंधीची पुरचुंडी. पोत्यात शेतातली काळी माती. पुरचुंडीत भरताच्या वांग्याचं बी. आजीने मागच्या उन्हाळ्यात आपल्या हाताने वाळवून, राखेत घोळवून ठेवलेलं शेवटचं बी होतं ते. मामा तोवर दुकानातून पाकिटं आणायला लागला होता, त्यामुळे घरचं बी धरणारी ती एकटीच उरली होती. पुरचुंडी आजीच्याच लुगड्याच्या तुकड्याची होती, लाल काठाची. मायने ती मला हुंगायला दिली. राखेचा वास आला, आणि थोडा आजीच्या तपकिरीचा.

"आते इथंच वांगं लावसू," माय म्हणाली. "सुरतमा लोके दखतीनच, भरीतनं वांगं काय ऱ्हास ते."

तसं तिचं म्हणणं खरंच होतं. बाजारात मिळायची ती जांभळी, ठेंगणी वांगी. सविताबा त्यांना वेंगण म्हणायच्या. आमचं वांगं वेगळं. पांढुरकं हिरवं, चांगलं हातभर, सालीवर फिकट रेघा. काड्यांच्या जाळावर भाजायचं, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायचं, वरून कांद्याची पात. मायला सुरतेत येऊन बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं ती इथल्या भरताला नावं ठेवत आली होती.

नानाने कामावरून रंगाचा रिकामा ड्रम मागून आणला आणि मधोमध कापला. आतून रंग जाईपर्यंत आम्ही तो तीन दिवस धूत होतो. पहिल्या दिवशी जांभळं पाणी, दुसऱ्या दिवशी गुलाबी. तिसऱ्या दिवशी नानाने ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरलं आणि डोकं हलवलं, साडी बघतात तसं. मग मायने त्यात गावाकडची माती भरली. नुसती माती, काठोकाठ. हातात दाबून ती मला म्हणाली, "दख, लोनी शे." अर्धं बी तिने ओळीने पेरलं. आठव्या दिवशी हिरव्या टाचण्या वर आल्या. माय सगळ्या गल्लीला सांगून आली.

मग पाऊस लागला आणि चार दिवस थांबलाच नाही. पाणी ड्रमात चढत गेलं. ते जायला वाटच नव्हती. ड्रमला भोक पाडायचं असतं हे आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. शेताला कोण भोकं पाडतं? माय पेल्याने पाणी उपसत होती, पाऊस ते पुन्हा भरत होता. रोपं आधी पिवळी पडली, मग आडवी झाली. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि त्या लोण्यासारख्या मातीचा दगड झाला. कडेने भेग गेली, आख्खा हात जाईल एवढी.

सविताबा कपडे वाळत घालायला आल्या होत्या. त्यांनी वाकून मातीवर बोटाने टकटक केलं.

"अली शोभा, आ तो ईंट थई गई!"

"आमी शेतकरी मानसं, बा," माय फणकारली. "आमले माती नका शिकाडा."

सविताबा हसल्या नाहीत. ओला टॉवेल झटकत म्हणाल्या, "जमीनने तळियुं नथी, शोभा. डब्बाने छे."

जमिनीला तळ नसतो, डब्याला असतो. मायने त्या वेळी तोंड फिरवलं. दोन दिवस ती धाब्यावर गेलीच नाही. मला वाटलं, संपलं. पण तिसऱ्या दिवशी मजुरीवर घरी आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापता कापता तिने कात्री खाली ठेवली, कपाळ पुसलं आणि तरातरा जिना चढली. मी मागे. सविताबा लीली चा खुडत होत्या. माय त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "दखाडा, बा. डब्बामा कसं लावतस ते." मायचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल, हे वाक्य तिला केवढं जड गेलं असेल.

मग सुरू झाली शाळा. नानाने पेचकस स्टोवर लाल करून ड्रमच्या बुडाला सात भोकं पाडली; जळक्या प्लास्टिकच्या वासाने आम्ही सगळे खोकत होतो. प्रत्येक भोकावर फुटक्या माठाची एक खापरी पालथी ठेवायची, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. मग माती. सविताबांनी स्वयंपाकघरातली वाटीच आणली. एक वाटी तुझी काळी, एक वाटी रेती, एक वाटी कुजलेलं शेणखत. परत तसंच. "शिरा करतेस तशी मिसळ," त्या म्हणाल्या. रेती शेजारच्या बांधकामावरून फ्रॉकच्या ओच्यातून मी आणली. माय मिसळत होती आणि तिचा जीव तुटत होता. आईच्या शेतातल्या सोन्यासारख्या मातीत ती सुरतेची रेती कालवत होती.

पाणी कधी घालायचं, तर आधी बोट खुपसायचं. दुसऱ्या पेराशी कोरडं लागलं तर घालायचं, नाहीतर नुसतं बघून खाली यायचं. मायला हे सर्वांत अवघड गेलं. जिने केळीच्या दांडांना धो धो पाणी धरलं होतं, तिने आता पेल्याने मोजकं पाणी घालून थांबायचं. ती बोट घालायची, बोटाकडे पाहायची आणि म्हणायची, "जराखं?" सविताबा शेजारी उभ्या राहून मान हलवायच्या, "ना."

तोवर श्रावण लागला होता. पुरचुंडीला भिंतीची ओल लागली होती. सविताबा म्हणाल्या, थोडं बी मागे ठेव. पण माय म्हणाली, ओल लागलेलं बी पुढच्या वर्षापर्यंत टिकणार नाही, आणि तिने उरलेलं सगळं पेरलं. चार उगवली. दोन कोवळेपणीच बसली. एक खारीने मुरडलं. उरलं एक.

त्या एका झाडाला आम्ही चौघांनी वाढवलं असं मी म्हणते, सविताबांना धरून. सकाळचं ऊन मिळावं म्हणून ड्रम पूर्वेला सरकवला, दुपारी त्यावर फाटक्या साडीची सावली केली. तांदूळ धुतलेलं पाणी खाली ओतायचं नाही असा फतवा निघाला. पानामागे मावा दिसला की माय ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, मुलाचं नाक पुसावं तसं. मी शाळेतून आले की दप्तरासकट वर. पानांचा तो हिरवट, किंचित तिखट वास अजून माझ्या तळहातावर असल्यासारखा वाटतो. जांभळी फुलं आली तेव्हा माय फुलांकडे बघत मायंदळ बोलायची: माहेराबद्दल, विहिरीबद्दल, तिच्या आईला वांग्याची काटेरी देठं हाताला कशी टोचत नसत याबद्दल. एरवी तिला बोलायला वेळ नसायचा. सहा-सात फुलं गळाली. एकाने धरलं.

ते वांगं वाढताना पाहणं हा आमचा रोजचा कार्यक्रम झाला. नाना कामावरून आला की खोलीत शिरायच्या आधी धाबा गाठायचा. एके दिवशी पाहिलं तर मायने पुरचुंडीच्या रिकाम्या चिंधीची एक लांब पट्टी फाडून वांग्याच्या देठाला बांधली होती. लाल काठाची पट्टी. नाना वर आला, त्याने चिंधी पाहिली, मान डोलावली आणि खाली उतरला. 

खानदेशातल्या कुठल्याही पोराला कळलं असतं. बियाण्याला राखलेल्या फळाला चिंधी बांधतात, म्हणजे कुणी तोडू नये. भोपळा असो, दोडका असो, वांगं असो. हे कुणाला शिकवावं लागत नाही, म्हणून मलाही कुणी शिकवलं नाही. पण मी शेतात वाढले नव्हते. मी बमरोलीत वाढले होते, आणि मला जे माहीत होतं ते सविताबांच्या घरातलं. त्यांच्याकडे ज्याला ज्याला दोरा बांधलेला असे ते सगळं देवाचं असे. नारळाला नाडाछडी, तुळशीला नाडाछडी, कलशाला नाडाछडी. मी ती चिंधी पाहिली आणि मला वाटलं, हे वांगं मायने देवाला बोललंय.

त्यात आमच्या घरात खंडोबा. चातुर्मास लागला की वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीला सुटायचं, आणि त्या दिवशी देवाला भरीत-भाकरीचा नैवेद्य. माझ्या डोक्यात सगळं चपखल बसलं. माय देवासाठी वांगं राखते आहे. मी बोटावर दिवस मोजायला लागले.

चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळी नाना पाळीवर गेला. माय साड्यांचा गठ्ठा पोचवून, बाजार करून येते म्हणाली. मी धाब्यावर गेले तर झाड वाळत चाललं होतं आणि वांग्याला पिवळट झाक आली होती. देवाचं वांगं खराब होतंय आणि मायचं लक्ष नाही! मी ते देठासकट तोडलं. चिंधी सोडवून प्रसादाचा दोरा म्हणून मनगटाला बांधली. खाली येऊन स्टो पेटवला आणि वांगं जाळावर धरून इकडून तिकडून भाजलं. साल तडकली, खोलीभर तो वास पसरला. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

माय आली. दारातच तिला वास लागला आणि क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "कोन भाजी ऱ्हायनं?" म्हणत ती आत आली. तिच्या पिशवीतून बाजारातली दोन जांभळी वांगी डोकावत होती.

"देवनं वांगं, माय," मी म्हणाले. "मी भाजं."

तिने ताटलीतल्या वांग्याकडे पाहिलं. मग माझ्या मनगटाकडे. लाल काठाच्या चिंधीकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मी शाबासकीची वाट बघत होते. तिने पिशवी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, आणि माझ्या शेजारी खाली बसली.

"चांगलं करं, पोरी," ती म्हणाली. "आन इकडे, मी ठेचस."

नैवेद्य झाला. संध्याकाळी नाना जेवायला बसला, पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबला. त्याने मायकडे पाहिलं. मायने नाही म्हणून मान हलवली, अगदी थोडी. नाना पुढचा घास घेऊन म्हणाला, "झकास." खरं म्हणजे ते भरीत कडसर झालं होतं आणि दाताखाली बी येत होतं. मला मात्र तसं भरीत मी पुन्हा कधी खाल्लं नाही असंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी मायने वाटीभर भरीत सविताबांना द्यायला लावलं. मी मिरवत वर गेले. त्यांनी वाटी घेतली, झाकण काढलं, मग सहज ड्रमकडे बघितलं. नुसतं वाळकं झाड.

"अरे दीकरी," त्या म्हणाल्या, "ए तो बी माटे राखेलुं ने?"

मी विचारलं, बियांसाठी म्हणजे? त्यांनी भोळेपणाने समजावलं. पिकू द्यायचं, पिवळंधमक होऊ द्यायचं, मग बी काढायचं, पुढच्या वर्षी पेरायचं. बोलता बोलता त्यांचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि त्यांनी वाक्य अर्धवट सोडून वाटीवर झाकण ठेवलं. पण मला कळायचं ते कळलं होतं.

मी टाकीमागे जाऊन बसले. आजीच्या हातचं शेवटचं बी होतं ते, आणि मी ते स्टोवर भाजलं होतं. मला वाटत होतं की मी माझ्या आजीलाच भाजून खाल्लं. हाक मारल्यावरही मी खाली गेले नाही. नानाने उचलून नेलं. दोन दिवस मी धड जेवले नाही, शाळेत गेले नाही. मनगटावरची चिंधी मात्र मी सोडू देत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायने मला उठवलं. तिच्या हातात चहाची गाळणी होती आणि गाळणीत धुतलेलं बारीक पिवळसर बी.

"दख. भरीतमाइन काढी ठेयेल शे. चल, तूच पेर."

"भाजेल बी उगस का, माय?"

"न उगाले काय व्हयनं? मनी मायनं बी शे ते."

वाळलेलं झाड मायने उपटून टाकलं होतं. मी पेरलं. माझ्या बोटाने, अर्ध्या पेराइतकं खोल, सविताबांनी शिकवलं तसं. रोज सकाळी बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तर पेलाभर पाणी. बुडाला भोकं पाडलेला डालड्याचा एक छोटा डबा नानाने माझ्यासाठी केला होता, त्यातून पाणी बारीक पडायचं. शाळेत जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा मी ड्रमपुढे उकिडवी बसायचे. सविताबा आपल्या डब्यांत काहीतरी करत असायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत. नवव्या दिवशी काही नाही. दहाव्या दिवशी काही नाही. अकराव्या दिवशी सकाळी, मातीवर दोन पानं.

मी किंचाळले ते लूमच्या आवाजातही खाली ऐकू गेलं. माय धावत आली, वाकली आणि म्हणाली, "म्हनेल व्हतं ना तुले?" त्या दिवशी मी पाच पोळ्या खाल्ल्या.

त्या झाडाला उन्हाळ्यात वांगी लागली ती जांभळी आणि ठेंगणी. मी जरा बावरले. पण नाना गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ड्रममा कलर ऱ्हायी जायेल व्हई. चढना त्याले." रंगातला माणूस बोलतोय म्हटल्यावर मी का शंका घ्यावी? मी वर्गात सगळ्यांना सांगितलं, आमच्याकडे वांग्याला डाइंगचा रंग चढला.

पुढे विज्ञानाच्या पुस्तकात आलं की भाजलेलं बी उगवत नाही. मी ते उत्तरपत्रिकेत लिहिलं, आणि आमचं वांगं तेवढं सोडून, असं मनात म्हटलं. आणखी मोठी झाल्यावर मात्र खुळेपणा संपला. सविताबांनीच आपलं एक रोप गुपचूप तिथे लावलं असणार, हे मी ओळखलं आणि मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. नाना गेला, आम्ही गोडादऱ्याला गेलो, मी नोकरीला लागले, आणि हे सगळं मागे पडलं.

परवा ड्रम उचलायच्या आधी मी सविताबांजवळ जाऊन बसले. त्या आता खाटेवरच असतात. कमरेच्या किल्ल्या सुनेकडे गेल्या आहेत, पण उशाशी एका मगात लीली चा लावलेली आहे. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "बा, ते रोप तुम्ही लावलं होतं ना? माझ्यासाठी?"

त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. मग म्हणाल्या, "में? ना रे. तारी मा."

त्यांनी सांगितलं ते असं. मी टाकीमागे जाऊन बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माय धाब्यावर आली होती. ड्रमपाशी बसून खूप रडली. सविताबांनी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच एकदा. आई गेली तेव्हाही ती त्यांच्यासमोर रडली नव्हती. मग डोळे पुसून तिने विचारलं, तुमचं वांग्याचं रोप आहे का एखादं? रोप नव्हतं. बी होतं. तेव्हा दोघींनी ठरवलं. मी ज्या दिवशी ड्रममध्ये बी पेरलं, त्याच दिवशी सविताबांनी आपलं बी तेलाच्या डब्यात पेरलं, टाकीच्या पलीकडे, मला दिसणार नाही असं. माय रोज मी उठायच्या आधी वर यायची आणि तो डबा बघून जायची. अकराव्या दिवशी पहाटे दोन पानांचं ते पोर तिने चमच्याने उचलून ड्रममध्ये ठेवलं, आणि मातीवर हात फिरवून पुन्हा खाली येऊन माझ्या शेजारी पडून राहिली.

"में कह्युं, शोभा, तारी मानुं बी गयुं," सविताबा म्हणाल्या. "तो कहे, बी गयुं ते गयुं, बा. दीकरी नी जवी जोईए."

बी गेलं ते गेलं. पोरगी जायला नको.

ड्रम रिक्षात पायांशी मावेना. मी तो मांडीवर घेऊन आले.

माय गोडादऱ्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून वाट बघत होती. गुडघे गेलेत, डोळ्यांनी अंधुक दिसतं. तिने ड्रम मांडीवर घेतला, बूड वर केलं आणि एकेका भोकात बोट घालत गेली. मुंग्यांचं भोक तिला बरोबर सापडलं. काडीने ते मोकळं करता करता म्हणाली, "भोकं शाबूत शेतस. आते रेती आन."

मी तिच्यासमोर खाली बसले. हल्ली आमच्यात मी बोलते ती भाषा म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी गुजराती. तिची अहिराणी मला कळते, पण माझ्या तोंडातून ती कधीच गेली. मी म्हणाले, "बांना भेटले. त्या भाजलेल्या वांग्याची गोष्ट निघाली."

मायची काडी थांबली.

"काय म्हने बा?"

तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे तेव्हा नानाकडे बघून मान हलवताना होतं. इतकी वर्षं मी ते विसरले होते.

"म्हणाल्या, चमत्कारच झाला होता. भाजलेलं बी उगवलं."

"चमत्कार कसाना?" माय म्हणाली आणि पुन्हा काडी फिरवू लागली. "तूच ते रोज पानी टाकेल व्हतं."

मी तिच्या हातावर हात ठेवला, ड्रमच्या त्या खरखरीत भोकाजवळ.

"हां, माय," मी म्हणाले. "मीच टाकेल व्हतं."